लाडबोरीचं कडं

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमाराला वायव्येकडून आग्नेयेकडे जळत्या ज्योतींची एक रांग आकाशातून गेली. मध्य प्रदेशात झाबुआ-बडवानीकडच्या लोकांनी ती पाहिली, मग जळगाव, बुलढाणा, अकोला आणि नागपूरच्या लोकांनी. गच्चीवर, अंगणात, रस्त्यात थांबून माणसं मोबाइलवर चित्रण करत होती. कुणाला ती उल्का वाटली, कुणाला पेटलेलं विमान. उल्का क्षणात विझते. हे मात्र सावकाश, तुकड्यातुकड्यांनी जळत चाललं होतं. त्या सावकाशीतच खरी ओळख होती. बाहेरच्या अवकाशातून थेट आलेला दगड इतका वेळ देत नाही. पृथ्वीभोवती फिरत असलेली, माणसानं वर पाठवलेली वस्तू देते.

ही रांग चंद्रपूर जिल्ह्यात संपली. नागभीडहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तळोधीनंतर सिंदेवाही लागतं. त्या तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक प्रचंड कडं येऊन आदळलं. व्यास जवळपास तीन मीटर, वजन सुमारे चाळीस किलो. गावात सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. आकाश लाल झालं, मोठा आवाज झाला आणि गावातल्या मोकळ्या जागेवर ती वस्तू पडली. आता हिचा स्फोट होईल या भीतीनं माणसं घरात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाहीत.

ही भीती समजून घ्यायची तर हा मुलूख समजून घ्यावा लागतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेडा इथे १ मे २०१९ रोजी भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मारले गेले होते. त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. या भागात अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावू नये हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपारजवळ फूट-दीड फूट व्यासाचा एक गोळा सापडला. पुढच्या दिवसांत तसेच आणखी गोळे मिळाले. सगळे अवशेष सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात आणून ठेवले गेले. कुणालाही इजा झाली नव्हती, कुणाचं घर पडलं नव्हतं. बातम्यांमध्ये ‘सुदैवानं’ हा शब्द वारंवार येत होता आणि तो अगदी खरा होता. एप्रिल हा मोहफुलांचा महिना. या दिवसांत इथल्या झाडीपट्टीतली अर्धी गावं तांबडं फुटायच्या आधी टोपल्या घेऊन झाडांखाली असतात. शिवाय अशी वस्तू वातावरणात शिरते तेव्हा ती सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगानं धावत असते. एका मिनिटाचा फरक पडला तर पडायची जागा साडेचारशे किलोमीटरनं सरकते. लाडबोरी कुणी निवडली नव्हती आणि वाचवलीही नव्हती.

मग शोध सुरू झाला तो मालकाचा. पहिला संशय न्यूझीलंडवर गेला. त्याच संध्याकाळी, भारतीय वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी, तिथल्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब कंपनीचं ‘इलेक्ट्रॉन’ हे रॉकेट उडालं होतं. वेळ इतकी जवळची होती की आपल्याकडच्या जाणकारांनीही तोच अंदाज आधी वर्तवला. पण इलेक्ट्रॉनचा व्यास आहे जेमतेम सव्वा मीटर. त्याच्या पोटातून तीन मीटरचं कडं कसं निघणार? लाडबोरीत पडलेली वस्तू स्वतःच्या मापानंच पहिला तर्क खोडून काढत होती.

उत्तर आलं ते कक्षांच्या नोंदींतून. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले जोनाथन मॅकडॉवेल अनेक वर्षं पृथ्वीभोवतीच्या प्रत्येक मानवनिर्मित वस्तूचा हिशेब ठेवत आले आहेत. त्यांनी सांगितलं की हा चीनच्या ‘चांग चेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, क्रमांक वाय-७७. चांग चेंग म्हणजे जगात ‘लाँग मार्च’ या नावानं ओळखलं जाणारं रॉकेट. ते ४ फेब्रुवारी २०२१ रोजी सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून उडालं होतं. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास बरोबर तीन मीटर. गोळ्यांचाही उलगडा झाला. टाक्यांमध्ये दाब राखण्यासाठी लागणारा वायू अशाच गोल, जाड, उष्णतेला पुरून उरणाऱ्या भांड्यांत भरलेला असतो. बाकी सगळं वितळलं तरी ही भांडी जमिनीपर्यंत पोचतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्रोचे तज्ज्ञ सिंदेवाहीत आले आणि अवशेषांची तपासणी झाली.

म्हणजे हा टप्पा चौदा महिने वर होता. त्याचं काम उपग्रहाला लांबट कक्षेत सोडण्याचं. ते उड्डाणाच्या दिवशीच संपलं होतं. त्यानंतर प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ येताना तो विरळ हवेला घासत राहिला, दर फेरीला थोडा वेग गमावत गेला आणि एका पाडव्याला त्याची कक्षा संपली. तो कुठे उतरेल हे ठरवणारं इंजिन त्यात चालू नव्हतं. ते चालू राहावं अशी सक्ती कुणी केली नव्हती.

या घटनेबद्दल मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, आणि ते एका देशापुरतं नाही. वर जाणारी वस्तू खाली कशी येईल, हा प्रश्न मोठ्या रॉकेटांना पहिली कित्येक दशकं कुणी नीट विचारलाच नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा आहे, आणि तो कागदावर चांगला आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार वर पाठवलेली वस्तू पाठवणाऱ्या देशाचीच राहते, मग ती कुठेही पडो. लाडबोरीच्या मोकळ्या जागेत पडलेलं ते कडं कायद्यानं लाडबोरीचं नव्हतं. १९६८ चा करार सांगतो की अशी वस्तू सापडली तर पाठवणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवावं. १९७२ चा दायित्व करार तर फार कडक आहे. जमिनीवर नुकसान झालं तर चूक कुणाची हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. भरपाई पाठवणाऱ्यानंच द्यायची. भारत आणि चीन दोघंही या करारात आहेत. पण करार जागा होतो तो नुकसान झाल्यावर. पत्रा फुटला, जनावर दगावलं, माणूस मेला तर दावा. अर्धा तास घरात दडून बसलेल्या गावाची भीती ही नुकसानीच्या व्याख्येत बसत नाही.

आजवर या प्रकारचा दावा देशानं देशावर ठोकला तो एकदाच. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात कोसळला. किरणोत्सारी तुकडे वेचायला कॅनडाला महिनोन् महिने लागले. त्यानं ६० लाख डॉलरांची मागणी केली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. कॉसमॉस पडल्याच्या पुढच्याच वर्षी, ११ जुलै १९७९ ला, अमेरिकेची ७७ टनांची स्कायलॅब कोसळली. त्या आठवड्यात भारतात उडालेली घबराट आज साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाभोवती पडले. तिथल्या स्थानिक संस्थेनं अमेरिकेला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला.

त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियात, ग्रीन हेड गावाच्या किनाऱ्यावर, जुलै २०२३ मध्ये माणसाच्या उंचीहून मोठं एक नळकांडं लाटांनी आणून टाकलं. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेनं तपासाअंती सांगितलं की तो बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा आहे. उड्डाणाच्या वाटेवरच समुद्रात पडणारा टप्पा आणि चौदा महिने बेवारस फिरून गावात पडणारा टप्पा यांच्यात मोठा फरक आहे, तो मान्य करूनच बोललं पाहिजे. तरी ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर जमलेल्या माणसांना पडलेला प्रश्न लाडबोरीच्या माणसांचाच होता: हे कुणाचं, यात विषारी काही आहे का, हात लावायचा का?

पाडव्याच्या घटनेला सव्वा महिना होतो तोच, १२ मे २०२२ ला, गुजरातमध्ये आणंद आणि खेडा जिल्ह्यांतल्या गावांत तसेच गोळे पडले. पुन्हा बोट चांग चेंग ३बी कडेच गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये संशोधक मायकेल बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात हिशेब मांडला: आजच्या पद्धतीनंच रॉकेटांचे टप्पे सोडून दिले जात राहिले, तर पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यामुळे किमान एका माणसाला इजा होण्याची शक्यता दहा टक्के आहे. आणि हा धोका सर्वांना सारखा नाही. ढाका, जकार्ता, लागोस यांच्या अक्षांशांवर तो न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्को यांच्या अक्षांशांच्या सुमारे तिप्पट आहे. चंद्रपूरचा अक्षांश ढाक्याच्याही दक्षिणेला आहे.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू: छोटी, हौशी रॉकेटं आणि त्यांचे नियम. ती पाहायला नागभीडहून शंभर किलोमीटरवर नागपूरला जावं लागतं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर ‘पेसो’चं मुख्यालय आहे: पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना. देशात कुठेही स्फोटक बनवायचं, साठवायचं, न्यायचं तर त्याची परवानगी या यंत्रणेच्या कक्षेत येते. तिचा आधार आहे १८८४ चा स्फोटक अधिनियम. त्या कायद्यानं स्फोटकाच्या व्याख्येत बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन यांच्याबरोबर फटाके, वाती आणि ‘रॉकेट’ यांनाही नाव घेऊन बसवलं आहे. आज २००८ चे नियम लागू आहेत, पण मुळातली व्याख्या इंग्रजांच्या काळातलीच आहे. तेव्हाचं रॉकेट म्हणजे लढाईतलं किंवा दिवाळीतलं. हवामान मोजायला, कॅमेरा वर न्यायला, कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधून किलोमीटरभर उंच उडवायला रॉकेट असू शकतं हे १८८४ मध्ये कुणाच्या डोक्यात असणार?

हा कडकपणा उगाच आलेला नाही, हे विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात ९ जण गेले, त्यांत बाया जास्त. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत ८ कामगार गेले. या भागातल्या कोळसा खाणींना रोज स्फोटकं लागतात, भद्रावतीला दारूगोळ्याची निर्माणी आहे आणि पलीकडे गडचिरोलीच्या रस्त्यांखाली सुरुंग पेरले गेले आहेत. इथे एखादं पोर घरात पोटॅशियम नायट्रेट आणि साखर शिजवताना सापडलं तर पोलीस ते सहज घेणार नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये. घरात इंधन बनवणं हा हौशी रॉकेटांच्या छंदाचा सर्वांत जीवघेणा भाग आहे.

अमेरिका हे फार लवकर आणि रक्त सांडून शिकली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर तिथली हजारो मुलं लोखंडी नळ्यांत रसायनं ठासायला लागली आणि बोटं, डोळे, जीव गमावू लागली. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता. त्यानं कागदी नळीचं, हलकं रॉकेट तयार केलं होतं. त्यात कारखान्यात बनलेली छोटी मोटर बसवायची, उडवायचं, ते पॅराशूटनं खाली आलं की नवी मोटर घालायची. त्यानं तो नमुना व्हाइट सँड्स चाचणी क्षेत्रावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन या अभियंत्याकडे पाठवला. दोघांनी मिळून त्यातून एक छंद उभा केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघटनाही. नियम सरकारनं लादण्याआधी उडवणाऱ्यांनी स्वतः लिहिले, हे या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. रॉकेटला शक्यतो धातू नको. कागद, लाकूड, प्लॅस्टिक वापरा. इंधन स्वतः घोटू नका. वारा ताशी बत्तीस किलोमीटरच्या वर असेल तर उडवू नका. वर विमान किंवा ढग असेल तर थांबा. आणि रॉकेट सुखरूप खाली आणणारी यंत्रणा आत असल्याशिवाय बटण दाबायचंच नाही.

मोठ्या रॉकेटांनी न विचारलेला प्रश्न छोट्या रॉकेटांच्या संहितेत असा पहिल्यापासून आहे.

पुढे मोटरी वाढत गेल्या. त्यांना इंग्रजी अक्षरांची श्रेणी असते. प्रत्येक अक्षराला जोर आधीच्या दुप्पट. ‘ए’ची कमाल अडीच न्यूटन-सेकंद, ‘जी’ची १६०, आणि ‘एच’पासून पुढे उच्च-शक्ती. त्या उडवायच्या तर तीन पायऱ्यांचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि प्रत्येक पायरीवर स्वतः बांधलेलं रॉकेट जाणकारांसमोर उडवून, शाबूत परत आणून दाखवावं लागतं. पॅराशूट उघडलं नाही तर नापास, मग रॉकेट कितीही उंच जावो.

या मोठ्या मोटरींत अमोनियम परक्लोरेटचं मिश्र इंधन असतं: रबरासारख्या बंधकात घोटून घट्ट केलेलं, त्याच जातीचं जे आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात टनांनी भरलं जातं. भारतात या घन इंधनाचा पाया थुंबा इथे घातला गेला आणि त्यात पुण्याच्या वसंत गोवारीकरांचा वाटा फार मोठा. अमेरिकेच्या स्फोटक-नियंत्रण खात्यानं १९७१ पासून हे मिश्रण स्फोटकांच्या यादीत ठेवलं होतं. छोट्या मोटरींना सूट होती, पण मोठ्यांना परवाना, कोठार, तपासणी. छंदवाल्यांचं म्हणणं साधं होतं: हे जळतं, फुटत नाही, स्फोटक म्हणायचं तर किती वेगानं जळतं ते मोजून दाखवा. २००० मध्ये त्यांच्या दोन्ही राष्ट्रीय संघटना, ‘नार’ आणि ‘ट्रिपोली’, वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, २००२ मध्ये स्फोटकांचा कायदा आणखी कडक झाला आणि अशा वेळी रॉकेटच्या इंधनासाठी सरकारशी भांडणं ही सोपी गोष्ट राहिली नाही. तरी ते भांडले. वर्गणी काढून वकील दिले. २००६ मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं की खात्यानं आपल्या निर्णयामागचं शास्त्र समाधानकारक रीतीनं मांडलेलं नाही, ते मांडावं. ते मांडता आलं नाही. १६ मार्च २००९ ला न्यायमूर्ती रेगी वॉल्टन यांनी हे इंधन स्फोटकांच्या यादीतून काढायचा निकाल दिला. नऊ वर्षं गेली. हवाई क्षेत्राची परवानगी, आगीचे नियम, प्रमाणपत्रं हे सगळं त्यानंतरही जागच्या जागी राहिलं आणि छंदवाल्यांनी ते कधी मोडीत काढायला मागितलंही नाही. त्यांचा आग्रह एवढाच होता की नियमाच्या मुळाशी मोजमाप असावं.

आपल्याकडे असं भांडण झालेलं नाही, कारण भांडायला तितके लोकच नव्हते. छंदासाठी पायरीपायरीनं परवाना देणारी अशी व्यवस्था इथे उभी राहिली नाही. शाळेतली मुलं पाण्याची आणि हवेची रॉकेटं उडवतात आणि तिथून पुढचा जिना तुटलेला असतो. तो जोडायला सुरुवात झाली ती खासगी क्षेत्राला अवकाश खुलं करण्यासाठी २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ ही संस्था झाल्यावर. १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून ‘विक्रम-एस’ हे पहिलं खासगी भारतीय रॉकेट उडालं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इन-स्पेसच्या पुढाकारानं, इस्रोच्या साथीनं, उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात तमकुही राज इथे विद्यार्थ्यांची रॉकेट स्पर्धा झाली. श्रीहरिकोट्यासारखा तळ नाही, थुंबासारखा किनारा नाही. गंगेच्या मैदानातला शेतीचा मुलूख. तिथे सरकारी परवानगीनं, ठरलेल्या वेळेत, मुलांनी बांधलेली रॉकेटं वर गेली. हा मोठा बदल आहे आणि त्याची दखल मराठीत फारशी घेतली गेली नाही.

इस्रोनंही मधल्या काळात स्वतःला प्रश्न विचारले. लाडबोरीनंतर तीनच महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, बंगळुरूत अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारं केंद्र सुरू झालं. त्याची आखणी आधीपासून चालू होती, लाडबोरीमुळे ते झालं असं म्हणता येणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये भारतानं जाहीर केलं की २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा, सरकारी आणि खासगी, मागे कचरा न ठेवणाऱ्या असतील. हे साधायचं तर काम संपलेल्या टप्प्याला कक्षेतून उतरवावं लागतं. त्यासाठी शेवटचं थोडं इंधन राखून ठेवायचं, म्हणजे तेवढं वजन उपग्रहातून कापायचं. वर्षानुवर्षं ते राखलं गेलं नाही याचं कारण तंत्रज्ञान नव्हतं, हिशेब होता. त्या हिशेबात सिंदेवाही तालुका कुठेच नव्हता.

नागभीडच्या किंवा ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या मुलांना उद्या तमकुही राजसारखं काही करायचं असेल तर जागा आणि हंगाम दोन्ही आहेत. धान कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, बांध्या कोरड्या आणि मोकळ्या असतात. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत जंगलातल्या आगींचा काळ, तेव्हा मोटर पेटवायचा विचारही करू नये; १९२७ चा वन कायदा राखीव जंगलात आग लावायला एरवीही मनाई करतो आणि नागभीडला घोडाझरीचं अभयारण्य अगदी लागून आहे. भरकटलेलं रॉकेट आणायला वाघाच्या जंगलात पोरं पाठवता येणार नाहीत, म्हणून उंची आणि वारा यांचा हिशेब इथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा काटेकोर ठेवावा लागेल. मोटर परवानाधारक कारखान्यातूनच यायला हवी. कागद जिल्हाधिकारी, पोलीस, वन विभाग, हवाई वाहतूक नियंत्रण आणि पेसो यांच्याकडे फिरेल. हे सगळं व्हायला हवं. फक्त त्या कागदासाठी एक ठरलेला नमुना, ठरलेली मुदत आणि १८८४ च्या व्याख्येत विद्यार्थ्यांच्या रॉकेटासाठी वेगळी ओळ असावी. हे काम करू शकणारं कार्यालय विदर्भातच आहे, आणि चाळीस किलोचं कडं अंगावर झेललेल्या तालुक्याच्या शेजारच्या मुलांनी ते मागावं, इतका हक्क त्यांना नक्कीच आहे.